ऐतिहासिक चित्रपट काढा घरबसल्या (व्हाया कर्जत)

तुम्ही डोंबिवलीत राहता. कॉलेजात असताना एकांकिका स्पर्धेत तुम्हाला उत्तेजनार्थ मिळालेलं आहे. कल्याण-शीळ रस्त्यालगतची वडिलोपार्जित जमीन टॉवरवाल्याला देऊन मोकळा झालेला एक मेहुणा तुमच्या शब्दाबाहेर नाही. म्हणजे राजेरजवाड्यांवरच्या चित्रपटाला जे जे लागतं ते सगळं तुमच्यापाशी आहे. झोप लागत नाही ती एकाच काळजीने: इतिहास चुकला तर?

काळजी सोडा. इतिहास चुकला म्हणून आपल्याकडे चित्रपट पडत नाही आणि बरोबर असला म्हणून चालत नाही. खालच्या पायऱ्या क्रमाने चढा. कठडा नाही, पण तो गडावरही नसतो.

१. विषय असा घ्या, जो आधी घेऊन झाला आहे

नवा विषय घेतलात की लोक विचारतात, हे कोण? जुना घेतलात की विचारतात, महाराजांचं काम कोण करतंय? दुसरा प्रश्न धंद्याचा आहे. बाबूराव पेंटरांनी १९२३ साली कोल्हापुरात मूक ‘सिंहगड’ काढला. दहा वर्षांनी व्ही. शांताराम यांनी बोलका ‘सिंहगड’ काढला. २०२० मध्ये ओम राऊत यांचा हिंदी ‘तान्हाजी’ आला, २०२३ मध्ये दिग्पाल लांजेकरांचा ‘सुभेदार’. शंभर वर्षं तोच कडा चढला जातोय. तुम्हीही दोर टाका.

गावच्या अभिमानापोटी स्थानिक विषयाचा मोह होईल, ठाणेकरांना तर फारच. १७३७ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून ठाण्याचा किल्ला घेतला, चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेतलं ते प्रकरण, विषय झकास आहे. पण त्या किल्ल्यात आज मध्यवर्ती कारागृह आहे. चित्रीकरणाची परवानगी मिळणं कठीण. आत जायचा दुसरा मार्ग आठव्या पायरीवर सांगितला आहे.

अलीकडचा काळ तर मुळीच नको. ठाण्याने मे २०२२ मध्ये ‘धर्मवीर’ पाहिला, डोळे पुसले, आणि पाच-सहा आठवड्यांत एकाच पडद्यावर शेजारी उभी असलेली पात्रं प्रत्यक्षात समोरासमोर उभी राहिली. २०२४ मध्ये दुसरा भाग आला तेव्हा पहिल्यातलं कोण आता कोणत्या गटात, याची उजळणी करून थिएटरात जावं लागलं. सतराव्या शतकातली माणसं निदान पक्ष बदलत नाहीत. (बदलत होती. नेताजी पालकरांचंच बघा. पण ते आपण फार दाखवत नाही.)

२. कागद बाजूला ठेवा, कादंबरी घ्या

कागद मोडीत असतात, कादंबरी छापील असते. कागदात घोड्यांच्या दाण्याचा हिशेब असतो, कादंबरीत घोडा अश्रू ढाळतो. कोणता प्रसंग पडद्यावर दिसेल हे सांगायला इतिहासकार नको.

ही युक्ती मी शोधलेली नाही. पेंटरांचा ‘सिंहगड’सुद्धा ह. ना. आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’वरून बेतलेला होता. आणि १४ फेब्रुवारी २०२५ ला लागून देशभर धो धो चाललेला ‘छावा’ हा शिवाजी सावंतांच्या कादंबरीवर. ‘कादंबरीवर आधारित’ हे तीन सेकंदांचं अक्षरलेखन तुमचं चिलखत आहे. हल्ला झाला की कादंबरी पुढे करायची, कौतुक झालं की इतिहास पुढे करायचा.

चिलखतालाही फट असते, ती कशी बुजवायची तेही ‘छावा’नेच दाखवलं. गणोजी आणि कान्होजी यांना फितूर दाखवल्यावर शिर्के घराण्यातल्या मंडळींनी शंभर कोटींच्या दाव्याचा इशारा दिला. दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांनी दिलगिरी व्यक्त केली आणि खुलासा केला, की आम्ही चित्रपटात नुसती नावं घेतली आहेत, आडनाव नाही. वहीत टिपून ठेवण्यासारखं वाक्य आहे. महाराजांचे जावई असलेले, येसूबाईंचे भाऊ असलेले आणखी एखादे गणोजी कुठे होते का, हे शोधायचं काम प्रेक्षकांनी करायचं. तुम्ही याच्याही पुढे जा. पात्रांना आडनाव देऊ नका, गाव देऊ नका, आणि फितुराला तर चेहराही देऊ नका. पाठमोरा ठेवा, वर घोंगडी द्या.

इतिहासाचा सल्लागार मात्र एक ठेवाच. श्रेयनामावलीत त्याचं नाव ठळक असावं आणि चित्रीकरणाच्या दिवशी तो परगावी असावा. सेट उभा राहून रंग वाळला की मगच त्याला बोलवा. तो म्हणेल, ४ फेब्रुवारी १६७० ला तानाजी मालुसरे पडले म्हणून कोंढाण्याचं नाव सिंहगड झालं, असं तुमच्या पटकथेत आहे. पण १६६३ च्या पत्रात हा गड सिंहगडच आहे. त्याला चहा द्या. बिस्किटही द्या. बिचाऱ्याने आयुष्यभर वाचलंय.

३. कल्याणच्या सुनेचं काय करायचं

कल्याण-डोंबिवलीतला पैसा लावायचा तर ही पायरी टाळता येत नाही. मेहुणा पहिल्याच बैठकीत विचारणार, “आपली सून आहे ना त्यात?” आपली म्हणजे कल्याणच्या सुभेदाराची.

गोष्ट तुम्हाला पाठ आहे. २४ ऑक्टोबर १६५७ ला कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली. आबाजी सोनदेवांनी सुभेदाराची देखणी सून पकडून महाराजांपुढे हजर केली, महाराजांनी तिला आईच्या जागी मानून साडीचोळी देऊन सन्मानाने परत पाठवलं. शाळेच्या गॅदरिंगमध्ये, भाषणांत, चौकातल्या फलकांवर ती असतेच. कल्याणचं नाव हिच्याइतकं कोणीही दूरवर नेलेलं नाही. बाबूराव पेंटरांनी १९२४ मध्ये ‘कल्याण खजिना’ काढला तो याच कथेवर. मूकपट हे माध्यम तिला फार मानवलं, कारण पुढे बोलपट आले तरी तिला कोणी बोलू दिलं नाही.

अडचण इतकीच, की समकालीन कागदांत ही सून सापडत नाही. कल्याण कोणी घेतलं इथपासूनच अभ्यासक वेगळं सांगतात: कल्याण दादाजी बापूजींनी, भिवंडी सखो कृष्ण लोहोकऱ्यांनी. ही माहिती मेहुण्याच्या कानावर जाऊ देऊ नका. ज्या गावाला एकच पात्र मिळालंय, त्याच्याकडून तेही काढून घेणं बरं नव्हे.

तुमच्यासारख्या सरळ माणसाला वाटेल, सून गेली तर महाराजांचं स्त्रियांबाबतचं धोरण दाखवायचं कसं? पुराव्याची वानवा नाही, आणि तीच खरी गैरसोय आहे. रांझे गावच्या पाटलाने एका बाईशी गैरवर्तन केलं, त्याची चौकशी झाली, हातपाय तोडण्याची शिक्षा झाली. त्याबद्दलचं जानेवारी १६४६ चं पत्र उपलब्ध आहे. बखर नव्हे, आख्यायिका नव्हे, शिक्क्याचं पत्र. महाराजांना तेव्हा सोळावं सरायचं होतं. त्यात पुढचाही तपशील आहे: त्या लुळ्या पाटलाला सांभाळायची जबाबदारी भाऊबंदांपैकी एकाने घेतली आणि पाटिलकी त्याच्याकडे गेली. शिक्षा केली आणि शिक्षा भोगणाऱ्याची सोयही लावली. शिवाय खाफीखान आहे. महाराजांना नावं ठेवण्यात हा मोगल इतिहासकार कसूर करत नाही, पण मोहिमेत बायकांना हात लावू नये असा त्यांचा दंडक होता, हे तोही लिहून जातो. शत्रूची साक्ष! कोर्टात याहून भारी काही नाही.

थिएटरात मात्र याहून कुचकामी काही नाही. खाफीखानाला महाराजांची स्तुती करायला लावलीत तर मध्यंतरानंतर खलनायक कोणाला करणार? आणि रांझ्याच्या पत्रात तर गुन्हेगार आपला, गावचा, पाटील. बाई आपली, दोषी आपला, न्याय करणारा आपला. अशा प्रसंगात घोषणा कोणाविरुद्ध द्यायची, हेच प्रेक्षकाला कळत नाही. त्यापेक्षा सून सुटसुटीत. ती परकी, तिचा सासरा परका, औदार्य तेवढं आपलं. सून ठेवा.

कल्याणमध्येच दुसराही एक सापळा आहे, दुर्गाडीच्या खाडीचा. कल्याण-भिवंडी हातात आल्यावर महाराजांनी तिथे गलबतं बांधायला घेतली, त्यासाठी रुई लैतांव व्हिएगस या पोर्तुगीज जहाजबांधणीवाल्याला आपल्या माणसांसह कामाला लावलं. हे आरमार उद्या आपल्यावरच येईल हे ओळखून पोर्तुगिजांनी या कारागिरांना गुपचूप काढून नेलं. राजकारण आहे, समुद्र आहे, दगाफटका आहे, अर्धवट सांगाडे किनाऱ्यावर सोडून पळणारे सुतार आहेत. तुमचे डोळे चमकले, दिसलं मला. पण विचार करा: या प्रसंगात तलवार एकदाही उपसली जात नाही. आणि व्हिएगसचे वंशज निषेधाचं निवेदन घेऊन ठाण्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयावर येतील, ही शक्यता जवळपास शून्य. फुकटची प्रसिद्धी बुडाली. सोडून द्या.

खजिना दाखवायला हरकत नाही, फक्त जपून. ‘छावा’त बुऱ्हाणपूरचा खजिना पाहून मार्च २०२५ मध्ये तिकडच्या असीरगडाजवळ लोक रात्रीबेरात्री बॅटऱ्या घेऊन शेतं खणत सुटले होते. दुर्गाडी बांधतानाही पायात धन सापडल्याची कथा आहेच. अर्थात कल्याणमध्ये तुमच्या चित्रपटामुळे खोदकाम वाढलं असा आरोप कोणी करू शकणार नाही. रस्ते पाहिले तर तिथली महापालिका खजिना बरीच वर्षं शोधते आहे.

४. राजा हसता कामा नये

जानेवारी १६६४ मध्ये सुरतेच्या इंग्रज वखारीतला पाद्री एस्कलियट याने महाराजांचं वर्णन लिहून ठेवलं, त्यांना पाहिलेल्या लोकांकडून ऐकून. उंची बेताची, बांधा ताठ आणि रेखीव, नजर तीक्ष्ण, आणि बोलताना हसतमुख वाटतात.

हे वाचलंत, आता विसरा. तुमचा राजा सहा फुटांचा असेल. त्याने चार महिने व्यायामशाळेत काढलेले असतील आणि त्याची बातमी छापून आणलेली असेल. त्याच्या कपाळावरची शीर चित्रपटभर ताणलेली राहील. तो सरळ चालणार नाही, संथ गतीत चालेल. पायाखालची धूळ उडेल, मागे ढोल वाजतील, आणि दरबाराच्या दारापासून आसनापर्यंत पोहोचायला त्याला अफझलखानाला वाईहून जावळीत यायला लागला त्याहून जास्त वेळ लागेल. शत्रूच्या शहराची लूट झाल्यावर लिहिलेल्या पत्रात ज्याच्या हसण्याची दखल घेतली गेली, त्या माणसाला आपण शंभर वर्षं पडद्यावर हसू दिलेलं नाही. तुम्हीच सुरुवात केलीत तर पहिल्याच खेळाला कोणीतरी उठून विचारेल, यांना विनोद करायला लावलाय का?

मावळ्यांना भाषा द्या ती दहावीच्या निबंधाची. त्या काळचा पत्रव्यवहार फारसी शब्दांनी इतका भरला होता की महाराजांना राज्यव्यवहारकोश करवून घ्यावा लागला. तुमच्या चित्रपटातल्या मावळ्याने मात्र तो कोश आधीच पाठ केलेला असतो.

५. सेट कर्जतला, बल्ब घरी

कर्जत लोकल पकडा. नितीन देसाईंनी उभा केलेला एनडी स्टुडिओ त्याच वाटेवर, तिथे ‘पानिपत’साठी शनिवारवाडा उभा राहिला होता. डोंबिवलीहून तासाभरात पेशवाई, ही सोय जगात फार थोड्या उपनगरांना आहे. पोशाखासाठी गुढीपाडव्याला सकाळी फडके रस्त्यावर उभे राहा. १९९९ पासून चालत आलेल्या नववर्ष स्वागतयात्रेत तुम्हाला तयार जिजाऊ, तयार झाशीची राणी आणि एका चौकात निदान अर्धा डझन बालशिवाजी मिळतील. राणी बुलेटवर येते, ती तेवढी घोड्यावर बसवा.

विजेकडे लक्ष द्या. डिसेंबर २०२२ मध्ये ‘वेडात मराठे वीर दौडले सात’ची पहिली झलक आली. महेश मांजरेकरांचा चित्रपट, महाराजांच्या भूमिकेत अक्षय कुमार, मागे झुंबर, आणि झुंबरात बल्ब. महाराजांचं निधन १६८० चं, एडिसनचा बल्ब १८७९ चा. फरक पाहायला गेलं तर दोनशे वर्षांचाही नाही, एक कमीच भरतो. पण लोक खवळले. ज्यांनी आयुष्यात कधी दिव्याखाली सभासद बखर उघडली नाही, त्यांनी त्या बल्बखाली रात्री जागवल्या. यातून घ्यायचा धडा असा: प्रसंग खोटा असला तर चालतो, झुंबर खोटं असलं तर चालत नाही. झुंबर दिसतं.

खलिता उलगडला की अक्षरं देवनागरीत, मोठी, सुबक असावीत, संगणकावरची असली तरी चालतील. मोडीत लिहिलात तर खरा होईल आणि कोणाला वाचता येणार नाही.

६. नाच आधी घाला, मग काढा

नाचाशिवाय राजा नाही. ‘बाजीराव मस्तानी’त २०१५ मध्ये काशीबाई आणि मस्तानी ‘पिंगा’ नाचल्या. पेशव्यांच्या आणि मस्तानीच्याही घराण्यातले लोक चिडले. काशीबाईंना पायाचं दुखणं होतं, त्या नाचतील कशा, असाही मुद्दा निघाला. दोन घराण्यांना पावणेतीनशे वर्षांनी एकत्र आणणं इतिहासकारांना जमलं नव्हतं, ते भन्साळींच्या नृत्यदिग्दर्शनाने केलं.

पण खरी कला ‘छावा’ची. जानेवारी २०२५ मध्ये झलक आली, त्यात संभाजी महाराज लेझीम खेळताना दिसले. गदारोळ झाला. दिग्दर्शक दादरला राज ठाकरे यांच्याकडे जाऊन आले आणि लेझमीचं दृश्य काढतो म्हणाले. दृश्य गेलं, चित्रपट राहिला, आणि ज्याला चित्रपट येतोय हेही ठाऊक नव्हतं त्याला प्रदर्शनाची तारीख पाठ झाली. तेव्हा तुमच्या खर्चाच्या अंदाजपत्रकात ‘वगळायचे नृत्य’ असा वेगळा रकाना ठेवा. त्यात चांगले नर्तक घ्या. खराब नाच काढून टाकला तर त्यागाचं मोल राहत नाही.

प्रेमप्रकरण घालायचं का? घाला, पण राजाच्या पदरात घालताना पुढच्या पिढ्यांचा विचार करा. भालजी पेंढारकरांचा ‘थोरातांची कमळा’ १९४१ चा. संभाजीराजे आणि कमळा या जोडीवर लोकांनी इतका जीव लावला की संभाजी महाराजांच्या चरित्रावरची असली पुटं खरवडण्यात वा. सी. बेंद्रे, कमल गोखले यांच्यासारख्या अभ्यासकांची वर्षं गेली. तुम्हाला अपराधी वाटत असेल तर हॉलिवूडकडे बघा. ‘ब्रेव्हहार्ट’मध्ये विल्यम वॉलेसचं फ्रेंच राजकन्या इझाबेलाशी सूत जुळतं. १३०५ मध्ये वॉलेसला मारलं तेव्हा ती जेमतेम दहा वर्षांची होती, आणि फ्रान्समध्ये होती. पाच ऑस्कर मिळाले.

७. सूचना

सुरुवातीला काळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत. घटना काल्पनिक, पात्रं काल्पनिक, साधर्म्य योगायोग, दिग्दर्शकाला इतिहासाबद्दल नितांत आदर. बारीक टाइप, चार सेकंद. लगेच पुढची पाटी: सन, महिना, तिथी, वार, गडाचं नाव आणि ‘पहाटेचा दुसरा प्रहर’.

नाव कापायची तयारी ठेवा. ‘पद्मावती’चं ‘पद्मावत’ झालं तेव्हा एका वेलांटीवर भागलं होतं. तुमच्या नावात एखादी जादा वेलांटी आधीच घालून ठेवलीत तर अडचणीच्या वेळी उपयोगी पडेल.

८. भावना दुखावण्याची व्यवस्था

ही पायरी ठाण्यात शिकावी. २५ ऑक्टोबर २०२२ ला, ऐन दिवाळीत, ‘हर हर महादेव’ लागला. बाजीप्रभूंच्या भूमिकेत शरद केळकर, महाराजांच्या भूमिकेत सुबोध भावे, निवेदनाला राज ठाकरे यांचा आवाज. संभाजीराजे छत्रपती यांनी आक्षेप घेतला. बाजीप्रभू आणि महाराजांना एकमेकांसमोर लढायला उभं केलंय, बायकांचा उघडा बाजार दाखवलाय, अशा तक्रारी होत्या. ७ नोव्हेंबरच्या रात्री जितेंद्र आव्हाड कार्यकर्त्यांसह विवियाना मॉलमध्ये पोहोचले आणि खेळ बंद पाडला गेला. बंद पाडायला विरोध करणाऱ्या एका प्रेक्षकाला मारहाण झाली. मग मनसेचे लोक आले आणि तोच खेळ पुन्हा सुरू केला. ११ तारखेला आव्हाडांना अटक झाली, दुसऱ्या दिवशी जामीन.

या रात्रीचा अभ्यास करा. एकाच पडद्यावर, एकाच रात्री, इतिहासाच्या प्रेमापोटी खेळ बंद झाला आणि इतिहासाच्याच प्रेमापोटी सुरू झाला. बाजीप्रभूंनी १६६० च्या जुलैत खिंड अडवली होती, इथे सरकता जिना अडला. वाहिन्यांवर जे काही दिसलं त्यात दोन्हीकडून घोषणा होत्या, हात होते, मोबाइल होते. कोणाच्या हातात जेधे शकावली दिसली नाही. आणि ज्याने तिकीट काढलं होतं, त्याच्याच अंगावर सगळ्यात आधी इतिहास आला.

तुमच्यासाठी व्यवहारी सूचना अशा. निवेदनाला आवाज निवडताना तो किती भारदस्त आहे हे बघू नका, त्याच्या मागून किती गाड्या येतात हे बघा. पहिल्या दिवसाचा खास खेळ सर्व पक्षांसाठी ठेवा, पण वेगवेगळ्या पडद्यांवर. थिएटरवाल्याला काचेच्या विम्याबद्दल विचारा, त्याला बरं वाटतं. वंशजांची यादी पटकथेच्या आधी करा. एकही वंशज हयात नसलेला सरदार मिळाला तर त्याला सगळी वाईट कामं द्या. प्रेक्षकांसाठी एक जुजबी पत्रक छापा: बाहेर पडायच्या दाराजवळची जागा घ्या, पॉपकॉर्न लहान घ्या, आणि शेजारचा “हे असं नव्हतं” म्हणाला तर “हो ना” म्हणा.

९. खरं दाखवायची लहर आलीच तर

येते. उत्तररात्री, संकलनाच्या टेबलावर, भल्याभल्यांना येते. त्या वेळी हाताशी काय साहित्य आहे ते सांगून ठेवतो, म्हणजे ओळखून टाळता येईल.

चिपळूणजवळच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना गेलेलं महाराजांचं एक पत्र आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणागोटा जपून वापरा, नाहीतर पुढे घोडी उपाशी मरतील. मग शिपाई गोरगरीब कुणब्यांच्या घरात शिरून दाणे, गवत, भाजी उचलतील आणि लोकांना वाटेल यापेक्षा मोगल बरे. इथपर्यंत राजनीती. त्यानंतर मजकूर दिव्यांवर येतो. रात्री दिवे जळते ठेवू नका. उंदीर पेटती वात तोंडात धरून नेईल, गवताला आग लागेल, आणि गवत गेलं की घोडदळ गेलं. राज्याभिषेकाच्या आगेमागे, सगळीकडून वैरी टपलेले असताना, हा राजा उंदराच्या तोंडातल्या वातीचा विचार करत होता.

दुसरं साहित्य रायगडावरचं. ६ जून १६७४ च्या राज्याभिषेकाला हेन्री ऑक्सेंडेन इंग्रजांची मंडळी घेऊन आला होता. त्यांना बकऱ्याचं मांस पुरवायला एक म्हातारा खाटीक होता. हे मोजके लोक इतकं खातात कसे, याचं त्याला एवढं नवल वाटलं की हे खाणारे दिसायला आहेत तरी कसे ते पाहायला तो म्हातारा गड चढून वर आला. इंग्रज प्रवासी फ्रायरने हे नोंदवून ठेवलं आहे.

हे तुम्ही मेहुण्याला सांगायला जाल. सांगून बघा. तो जमीन विकलेल्या माणसाच्या शांतपणाने ऐकून घेईल. मग विचारेल, उंदराचं काम कोण करणार? त्याला आयत्या उंदराचा दर काढून द्यावा लागेल. उंदीर शिकत नाही, म्हणजे संगणकावर करावा लागणार. अंधार, ज्योत, मिशा, ज्योतीचा उजेड मिशांवर. ठाण्यातल्या कुठल्याही व्हीएफएक्सवाल्याला विचारलंत तरी तो आधी हसेल आणि मग वाघ स्वस्तात पडेल म्हणून सुचवेल, वाघ त्याच्याकडे तयार आहे, मागच्या दोन चित्रपटांत वापरलेला, फक्त पट्टे बदलायचे. खाटकाचंही तेच. इंग्रजांच्या जेवणाची सगळी भिस्त त्याच्या बकऱ्यांवर, पण त्याला ना घोषणा आहे ना तलवार. वर म्हाताऱ्याला गड चढताना संथ गतीत दाखवायचं तर अर्धं रीळ जाणार.

तेव्हा पत्र जिथून काढलंत तिथे ठेवा, वाघाचे पैसे भरा आणि दुसऱ्या भागाचं पोस्टर छापायला टाका. तारीख घालू नका, ‘लवकरच’ लिहा. खाली मेहुण्याचा फोटो, हात जोडलेला. महाराजांपेक्षा थोडा लहान ठेवा म्हणजे झालं.